उचल आणि फेड : ‘कंदिसा’च्या निमित्ताने

१

आमच्या बीड जिल्ह्यात ‘उचल’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. पुस्तकांत रमणाऱ्या माणसाला तो वाङ्मयचौर्याच्या संदर्भात आठवतो. अमक्याने तमक्याची कल्पना उचलली, असे आम्ही समीक्षक मंडळी सहज लिहून जातो. गावात मात्र उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्यापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात. कोयत्याने उचल घेतली, की पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या शिवारात कोपी घालून राहावयाचे आणि पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधून ती फेडावयाची. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास आमच्या गावांतून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघू लागलेले असतील. दिवाळीनंतरचे गाव पुष्कळदा म्हाताऱ्यांनीच राखावयाचे असते.

एका ध्वनिमुद्रिकेवर लिहावयास बसलो असता प्रारंभी हे सांगितले, त्याला कारण आहे. ‘इंडियन ओशन’ ह्या दिल्लीच्या वाद्यवृंदाची ‘कंदिसा’ ही ध्वनिमुद्रिका २००० साली प्रसिद्ध झाली. माझ्याकडे ती आली २००१ च्या दिवाळीच्या आगेमागे, कॅसेटच्या रूपाने. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मी त्या वेळी मराठी शिकवीत असे. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक विद्यार्थी, आई-वडील दोघेही तोडीला जाणारे, कोठून तरी ती मिळवून घेऊन आला व म्हणाला, “सर, एकदा ऐका, मग सांगा.” मी ऐकली, अर्धी ऐकली असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी त्याला म्हणालो, “अरे, ही खिचडी आहे. प्रार्थना एकीकडची, लोकगीत दुसरीकडचे, गिटार तिसरीकडची. ह्यात ह्यांचे स्वतःचे काय? सगळी उचल!”

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, आमच्या कोपीत खिचडीच असते. आन् उचल घेतली तर काय झालं? फेडली म्हंजी झालं.”

वर्ग हसला. मीही हसलो. त्या उत्तराचा अर्थ लागावयास मला पुढे बरीच वर्षे लागली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

२

भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताच्या मिश्रणाला ‘फ्यूजन’ हा शब्द आता रूढ झाला आहे. त्याचा प्रारंभ पुष्कळदा पंडित रविशंकर आणि येहुदी मेन्युहिन ह्यांच्या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेपासून सांगितला जातो. पुढे जॉन मॅक्लॉफलिन ह्या इंग्रज गिटारवादकाने झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम ह्यांना घेऊन ‘शक्ती’ हा संच उभा केला. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ ची. ह्या प्रयोगांचा पाया जुगलबंदीचा आहे. वेगवेगळ्या घरांत वाढलेले थोर कलावंत एका ओसरीवर भेटतात, एकमेकांची विद्या न्याहाळतात, दाद देतात व आपापल्या घरी परत जातात. ऐकणाऱ्याला आनंद होतो तो ह्या भेटीचा. तथापि भेट कितीही हृद्य झाली, तरी दोन्ही घरे निरनिराळी आहेत ही जाणीव शेवटपर्यंत सुटत नाही.

मराठी माणसाला मिश्रणाचे खरे म्हणजे एवढे अप्रूप वाटावयास नको. आपले नाट्यसंगीतच किती ठिकाणच्या चालींवर पोसले आहे! १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटात शांता आपटे ह्यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायिली. संगीत केशवराव भोळे ह्यांचे होते, आणि आपल्या आजोबा-आज्यांनी ती कानकोंडे न होता ऐकली. आमच्या अंबाजोगाईपुरते बोलावयाचे तर गावच मिश्रणाचे आहे. निजामी अमदानीत ह्याच गावाचे नाव मोमिनाबाद होते. योगेश्वरीच्या देवळात गोंधळ्याचे संबळ वाजे, आणि त्याच गावात उर्दू ही कचेरीची भाषा होती. कोकणातली कुटुंबे कुलदेवीच्या दर्शनाला येथवर येत, आणि मराठीचा आद्यकवी मानलेल्या मुकुंदराजाची समाधीही येथेच. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाने ‘खिचडी’ हा शब्द तुच्छतेने उच्चारावा, ह्यात थोडा विनोद आहे. तो माझ्या ध्यानात आला नाही, कारण साहित्याच्या अध्यापकाला शुद्धतेची सवय लागलेली असते.

‘कंदिसा’त कोणी कोणाला भेटावयास आलेले नाही, ही तिच्याविषयी सांगावयाची पहिली गोष्ट होय. वादक चार : गिटारवर सुस्मित सेन, तबला व इतर तालवाद्ये सांभाळीत गाणारे आशीम चक्रवर्ती, बेस गिटार वाजवीत गाणारे राहुल राम आणि ड्रमवर अमित किलम. सेन आणि चक्रवर्ती ह्यांची ओळख १९८४ मधली. ‘इंडियन ओशन’ ह्या नावाने वृंद उभा राहिला तो १९९० मध्ये. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९९३ मध्ये आली. दुसरी, ‘डेझर्ट रेन’, १९९७ मध्ये. सफदर हाश्मी ह्यांच्या स्मृत्यर्थ दिल्लीत भरलेल्या कार्यक्रमातील वादन तीत मुद्रित झाले होते. ‘कंदिसा’ ही तिसरी, स्टुडिओत सिद्ध झालेली, आणि हिच्यामुळेच त्यांचे नाव देशभर पोचले. ह्या चौघांत पूर्वेचा प्रतिनिधी कोण आणि पश्चिमेचा कोण, हे सांगता यावयाचे नाही. तबला आणि ड्रम, रेडिओवरचे इंग्रजी गाणे आणि शेजारच्या घरातले भजन, हे सर्व त्यांच्या पिढीच्या कानांवर एकदमच पडले असणार. तेव्हा त्यांना काही ‘मिसळावे’ लागलेले नाही. जे आधीच मिसळलेले होते, त्याला घाट द्यावयाचा होता.

आणि घाट देणे हीच अवघड गोष्ट आहे. आधीच मिसळलेले असणे हा काही गुण नव्हे. बाजारही मिसळलेलाच असतो.

३

तो घाट त्यांनी कसा दिला? वामनराव देशपांडे ह्यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) घराण्यांचा विचार स्वर आणि लय ह्या दोन टोकांच्या दरम्यान मांडला. कोणते घराणे स्वराकडे झुकते, कोणते लयीकडे, आणि कोणते दोहोंचा तोल साधते, हे त्यांनी दाखविले. हीच मोजपट्टी येथे लावून पाहण्याजोगी आहे. ‘कंदिसा’ नि:संशय लयीकडे झुकलेली आहे. पाश्चात्त्य संगीतातील स्वरमेळाची भव्य इमारत येथे नाही. रागविस्ताराचा संथ, सर्वांगीण शोधही नाही. येथे आहे तो एक लहानसा स्वरसमूह. गिटार तो उचलते, पुन्हा म्हणते, पुन्हा म्हणते, आणि त्या पुनरुक्तीतून हळूहळू एक जमीन तयार होते. बेस गिटार त्या जमिनीला खालून आधार देते. ह्या वाद्याचे काम मला पुष्कळ दिवस कळत नव्हते. नवरात्रात एकदा गोंधळ ऐकत असताना तुणतुण्याकडे लक्ष गेले आणि ते कळले. तुणतुणे गाणे म्हणत नाही, पण ते थांबले तर गोंधळी क्षणात पोरका होतो. राहुल राम ह्यांची बेस गिटार तुणतुण्यापेक्षा पुष्कळ बोलकी आहे. क्वचित ती पुढे येऊन स्वतःच गाणे होते. परंतु तिचे मूळचे इमान तेच आहे.

दुसरी गोष्ट तालाची. येथे तबला आणि ड्रम ही दोन्ही एकाच वेळी हजर आहेत. सर्वसाधारण फ्यूजनमध्ये ती एकमेकांशी सवाल-जबाब करतात. एकाने तुकडा टाकावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे, श्रोत्यांनी टाळ्या वाजवाव्यात. चक्रवर्ती आणि किलम ह्यांनी हा मोह बव्हंशी टाळला आहे. एकाच ओझ्याला दोघांनी दोन बाजूंनी हात लावावा, तसे ते वाजवितात. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी असलेल्या लयीची तत्त्वे सांगताना संवाद, विरोध आणि समतोल अशी त्रयी सांगितली आहे. जुगलबंदीच्या फ्यूजनमध्ये विरोध लवकर येतो, कारण तो दिपवितो. ‘कंदिसा’त संवाद आधी दीर्घकाळ चालतो आणि विरोध उशिरा, जवळजवळ नाइलाजाने येतो. म्हणूनच तो आला की अंगावर काटा उभा राहतो.

ह्या सर्वांच्या तळाशी एक गुण आहे. त्याला मी वाट पाहण्याची तयारी म्हणतो. प्रसिद्धीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कलावंताला ती क्वचितच असते. ‘कंदिसा’त रचना सातच आहेत. पहिल्या मिनिटात श्रोत्याला पकडले पाहिजे ही घाई त्यांतल्या बहुतेक रचनांना नाही. २००१ मध्ये मी अर्धीच कॅसेट ऐकून निकाल दिला, तेव्हा ह्या वाट पाहण्याच्या गुणाला मी कंटाळा म्हटले होते. कंटाळा माझा होता.

४

ध्वनिमुद्रिकेला जिचे नाव मिळाले ती रचना प्रथम घेऊ. ‘कंदिसा’ म्हणजे पवित्र. केरळमधील सिरियन ख्रिस्ती समाजाच्या उपासनेतील ही प्रार्थना आहे, आणि तिची भाषा सिरियाक. येशू ज्या अरामी भाषेत बोलला तिचीच ही एक शाखा. शतकानुशतके मलबारच्या किनाऱ्यावर ह्या भाषेत उपासना चालली. जिभेवर मलयाळम आणि देवापुढे सिरियाक, असा तो संसार होता. १९६२ मध्ये सीरो-मलबार चर्चच्या उपासनेत मलयाळम आली आणि जुनी भाषा मागे सरू लागली. अशी ओसरत चाललेली भाषा, ती ज्यांची मातृभाषा नाही, किंबहुना जो त्यांचा धर्मही नाही, असे दिल्लीचे गायक उचलतात. ह्याहून धडधडीत ‘उचल’ कोणती?

आणि तरीही ही रचना पुन:पुन्हा ऐकताना मला तीत उपरेपणा जाणवत नाही. कारण तिच्याशी त्यांनी चतुराई केलेली नाही. प्रार्थना संथ, लांबविलेल्या स्वरांत उभी राहते. शब्द कळत नसल्यामुळे गायकाने भाव दाखवावा ही आपली नेहमीची अपेक्षा. येथे भाव दाखविण्याची खटपट नाही. स्वर जेथवर नेईल तेथवर जावयाचे, एवढेच दिसते. वाद्ये हळूहळू भरत जातात, आवाज चढतो, आणि शेवटी जे उसळते ते त्या प्रार्थनेतूनच उसळल्यासारखे वाटते, तिच्यावर लादल्यासारखे वाटत नाही. परळीला वैजनाथापुढे रुद्राची आवर्तने चालतात. ऐकणाऱ्या शंभरांतल्या नव्याण्णवांना त्याचा शब्दशः अर्थ कळत नसतो, पण त्यामुळे कोणी उठून जात नाही. शब्द कळल्यावाचूनही घोषाची एक समज अंगात असते. ‘कंदिसा’ने ह्या समजेवर विश्वास टाकला आहे. उपासनेचे शब्द बाजारातल्या कॅसेटवर घालताना त्यांचे दागिने न करता ओझे वाहिले, ही माझ्या मते पहिली फेड.

५

परंतु माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न एवढ्याने मिटत नाही. त्याची खरी कसोटी ‘मा रेवा’ आणि ‘हिल्ले ले’ ह्या दोन रचनांत लागते.

रेवा म्हणजे नर्मदा. तिच्या खोऱ्यातले हे लोकगीत नदीच्या पाण्याचे गुणगान करते. ते ह्या वृंदात आले राहुल राम ह्यांच्यामुळे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतलेला हा माणूस १९९० नंतरच्या वर्षांत नर्मदा बचाव आंदोलनाबरोबर खोऱ्यात काम करीत होता. त्या नदीचा काही मैलांचा काठ आपल्याही राज्याचा आहे, ही गोष्ट पुष्कळ मराठी वाचकांच्या ध्यानात नसते. आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून ती वाहते. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील ३३ गावे येत होती, आणि त्यांतले पहिले मणिबेली. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास मुभा दिली. म्हणजे ज्या वर्षी हे गाणे शहरांतल्या घराघरांत वाजू लागले, त्याच वर्षी त्या काठांचे भवितव्य ठरले. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले. गाणे त्याआधीही वाजत होते, नंतरही वाजत राहिले.

येथे समीक्षकापुढे जुनाच पेच उभा राहतो. ‘मा रेवा’ ऐकताना पाय ताल धरतात. बेस गिटारची ती घुमणारी लकेर, राहुल राम ह्यांचा मोकळा, किंचित खरबरीत आवाज, त्याला मिळणारी साथ. ह्या सर्वांत ओसंडून वाहणारा आनंद आहे. बुडणाऱ्या घराचा आक्रोश तीत नाही. मग हा आनंद खोटा म्हणावयाचा काय? ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ह्यांच्या नावांशी निगडित असा ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद आमच्या आधीच्या पिढीने कसोशीने घातला. मी अध्यापक म्हणून तो दरवर्षी फळ्यावर दोन रकान्यांत मांडीत असे. मनाने मी पहिल्या रकान्यात होतो. कलाकृतीबाहेरचे दु:ख कलाकृतीच्या मापात धरू नये, असे माझे मत होते, आणि तत्त्व म्हणून आजही मला ते सोडवत नाही.

पण ‘मा रेवा’ने त्या रकान्यांमधली रेघ माझ्यापुरती पुसट केली. ह्या गाण्याच्या मूळ धन्यांनी नदीविषयी आक्रोशाचे गाणे रचलेले नव्हते. त्यांनी स्तुतीचे रचले होते. वादकांनी त्यात शहरी श्रोत्याच्या सोयीसाठी करुणरस घातला असता, तर ती खरी उचलेगिरी झाली असती. खोऱ्यातल्या लोकांचा आनंद काढून घेऊन त्यांच्याकडे फक्त दु:ख ठेवण्याचा तो प्रकार झाला असता. त्यांनी आनंद आनंदच राहू दिला. हे पाणी ज्यांना गमवावे लागले त्यांना ते किती प्रिय होते, हे कोणत्याही निवेदनापेक्षा ह्या आनंदातून अधिक कळते. दु:ख गाण्याबाहेर आहे हे खरे. पण त्या दु:खाचे माप गाण्याच्या आत आहे. आमच्या जिल्ह्यातही सिंदफणेवरील माजलगावच्या धरणाखाली गावे गेली. तेथल्या जात्यावरच्या ओव्यांत सिंदफणा काय म्हणून आली असेल, हा प्रश्न मला ‘मा रेवा’ ऐकेपर्यंत कधी पडला नव्हता. मराठी शिकविणाऱ्या माणसाने हे कबूल करणे सोपे नाही.

‘हिल्ले ले’चे शब्द गोरख पांडे ह्यांचे. १९८९ च्या जानेवारीत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ह्या कवीने आपले जीवन संपविले. भोजपुरी मातीतली, शेतमजुरांच्या तोंडी सहज बसतील अशी गाणी त्याने लिहिली. लोकांच्या चालून येण्याने जग हादरते, असा ह्या गाण्याचा आशय आहे. हे गाणे सभेत, मोर्चात, पाठीमागे माणसे उभी असताना म्हणावयाचे. ते स्टुडिओत, काचेमागे, चार वादकांनी म्हटले की त्याचे काय होते? काही हरवते, हे मान्य केले पाहिजे. मोर्चातल्या बेसूर आवाजांना जो धार लावलेला कर्कशपणा असतो, तो येथे नाही. वेग मात्र आहे, आणि तो वेग नुसत्या उत्साहाचा नसून चालीचा, पावलांचा आहे. आमच्याकडे हलगी ज्याने ऐकली आहे त्याला हा फरक लगेच कळेल : नाचावयास लावणारा ताल वेगळा आणि चालावयास लावणारा वेगळा. ‘हिल्ले ले’ चालावयास लावतो. ज्या श्रोत्यांनी गोरख पांडे हे नाव आयुष्यात ऐकले नसते, त्यांच्या ओठांवर ह्या रचनेने त्याचे शब्द नेऊन ठेवले.

मला ह्या संदर्भात पैठणच्या एकनाथांची आठवण होते. वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी बाई, ह्या सर्वांची रूपे आणि बोली नाथांनी भारुडांत घेतली. त्या काळच्या एखाद्या शुद्धतावादी शास्त्र्याला ती उचलच वाटली असेल. परंतु आज चारशे वर्षांनंतर ते वासुदेव आणि ते गोंधळी आपल्या भाषेत जिवंत आहेत, त्यात नाथांचा वाटा मोठा आहे. ज्यांच्याकडून घेतले त्यांचे नाव, त्यांची चाल, त्यांचा मान टिकविणे ही फेडीची एक रीत आहे. ती पुरेशी आहे असे मी म्हणत नाही. मणिबेलीच्या माणसाच्या हाती कॅसेटच्या विक्रीतून काही पडले नाही तर केवळ मान टिकला म्हणून त्याने समाधान मानावे, असे सांगण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. परंतु जेथे हीही फेड होत नाही, अशा ध्वनिमुद्रिकांचे ढीग आपल्याभोवती पडले असताना, जेथे ती होते तेथे तसे म्हटले पाहिजे.

६

ह्याचा अर्थ सर्व रचना सारख्याच तोलाच्या आहेत असा नव्हे. ‘कौन’ आणि ‘क्या मालूम’ ह्यांच्या नावांतच प्रश्न आहेत, आणि मला वाटते ते प्रश्न प्रश्नांच्याच पातळीवर राहतात. शब्द एक धूसर चिंतनशीलता निर्माण करतात. पण ‘मा रेवा’तल्या पाण्याला जशी एक विशिष्ट नदी आहे, तशी ह्या चिंतनाला विशिष्ट माणसाची जागा नाही. येथे वादन शब्दांना सांभाळून घेते, ही गोष्ट वादकांना भूषणावह आणि रचनेला उणेपणा आणणारी आहे. ‘खजुराहो’ ही दीर्घ रचना. तीत काही क्षण विलक्षण आहेत, परंतु वाट पाहण्याचा जो गुण मी वर वाखाणला तो येथे क्वचित स्वतःवरच लुब्ध होतो. सुस्मित सेन ह्यांना आपली आवडती लकेर सोडवत नाही. शिल्पाच्या भिंतीपुढे उभे असता प्रत्येक मूर्तीपाशी थांबणाऱ्या वाटाड्यासारखे होते; आपले पाय दुखू लागतात.

आणखी एक उणीव ह्या साऱ्या प्रकाराचीच म्हणावी लागेल. ‘कंदिसा’च्या यशानंतर लोकगीत, तबला आणि गिटार ह्यांचे मिश्रण हा एक साचा होऊन बसला. कबीर घ्यावा, अभंग घ्यावा, खाली बेस गिटार घालावी, शेवटी वेग वाढवावा, की झाले. त्याचा दोष ह्या चौघांकडे जात नाही. पण साचा त्यांच्याच मुशीतून निघाला, हे नाकारता येत नाही. साच्यात जे ओतता येत नाही ते म्हणजे वाट पाहणे. अनुकरणकर्त्यांनी नेमके तेवढेच वगळले.

७

शेवटी ‘लीव्हिंग होम’विषयी. नावाचा अर्थ घर सोडणे. ही रचना शब्दांवर उभी नाही; गिटारच तिची कथेकरी आहे. ह्या वृंदावर जयदीप वर्मा ह्यांनी काढलेला माहितीपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला, त्यालाही हेच नाव दिले आहे. तोपर्यंत आशीम चक्रवर्ती राहिले नव्हते. २५ डिसेंबर २००९ रोजी त्यांचे निधन झाले. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले. वृंद पुढे चालू राहिला, पण ज्या चार हातांनी ‘कंदिसा’चे ओझे उचलले होते ते एकत्र राहिले नाहीत. हे माहीत असल्यामुळे आज ही रचना अधिक हळवी वाटते, हे खरे. तेवढे वजा करूनही तीत पुष्कळ उरते.

घर सोडण्यावर रचना करावयाची म्हटली, की आपल्याला ताटातुटीचे रडे अपेक्षित असते. येथे रडे नाही. गिटार एक साधी, चालती ओळ धरते. तीत थोडी घाई आहे, थोडी हुरहुर आहे, आणि जावयाचेच आहे हे ठरलेले असल्यामुळे येणारी एक विचित्र मोकळीकही आहे. आमच्या गावांतून टोळ्या निघतात त्या पहाटे मी उभा राहून पाहिले आहे. बायका ट्रॉलीत भांड्यांची पोती, सरपण, कोंबड्या, लहान पोर असे एकावर एक रचीत असतात. कोणी रडत नाही. म्हातारी ओट्यावर बसून नातवाला चार सूचना करते. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज दूर जातो. त्या पहाटेचे जे वर्णन मला आयुष्यभर शब्दांत साधले नाही, ते ह्या दिल्लीकरांच्या गिटारमध्ये मला सापडले. आणि त्यांनी तर आमचे गाव पाहिलेलेही नसेल. कलाकृती आपल्या जागेशी इमानदार असली, की ती दुसऱ्याच्या जागीही खरी ठरते. एरवी हे वाक्य मी फळ्यावर लिहून पुसले असते. पण ते मला पुस्तकात मिळालेले नाही, त्यामुळे येथे राहू देतो.

तो विद्यार्थी त्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर वर्गात आला नाही. वडिलांचा पाय अधू झाला होता, म्हणून आईबरोबर कोयता पुरा करावयास तो गेला, असे मुलांकडून कळले. मार्चअखेर टोळ्या परतल्या, परीक्षा होऊन गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्याने नाव घातले नाही. मी त्याच्या गावी गेलो असतो तर फार लांब नव्हते, पंचवीसएक किलोमीटर. मी गेलो नाही. आपण ज्याच्याविषयी सहज एक वाक्य बोलून टाकले, त्याच्या दारात जाऊन काय बोलावयाचे, हे मला सुचले नाही.

त्याची कॅसेट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती वाजविण्याचे यंत्र बिघडूनही आता बरीच वर्षे झाली. मी ह्या रचना हल्ली नातवाच्या फोनवर ऐकतो. परंतु कॅसेट मी कोणाला दिलेली नाही, आणि तिच्यावर त्याने निळ्या शाईने लिहिलेले नावही पुसू दिलेले नाही. “एकदा ऐका, मग सांगा,” असे तो म्हणाला होता. ऐकली, आता सांगतो आहे. फेड ह्याहून मोठी असावयास हवी होती, हे मला कळते.